‘डिस्कस अबाउट’ कुठून येतं? इंग्रजी क्रियापदं आणि त्यांची शेपटं

ज्यांना हा एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायचाय, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. वाचता वाचता मोठ्याने म्हणून बघा, कारण आजचा विषय डोळ्यांपेक्षा कानांचा जास्त आहे.

विषय आहे इंग्रजी क्रियापदामागे येणारे छोटे छोटे शब्द. ऑन, ऑफ, इन, आउट, अप, डाउन, ॲट, टु, फॉर, विथ, अबाउट. आपण त्यांना सरसकट ‘प्रेपोझिशन’ म्हणतो. शाळेत त्यांच्यासाठी गाळलेल्या जागा भरल्या, मार्क मिळाले, विषय संपला. आणि मग नोकरीत पहिल्या क्लायंट कॉलवर कळतं की संपलेला नाही.

ही तीन वाक्यं बघा.

‘वी डिस्कस्ड अबाउट द बजेट.’
‘शी मॅरिड विथ अ डॉक्टर.’
‘आय विल कॉन्टॅक्ट टु हिम.’

तिन्ही वाक्यांत एकेक शब्द जास्तीचा आहे. ‘वी डिस्कस्ड द बजेट’, ‘शी मॅरिड अ डॉक्टर’, ‘आय विल कॉन्टॅक्ट हिम’ एवढंच पुरतं. पण ही वाक्यं बोलणारा माणूस अडाणी नसतो. तो इंजिनिअर असतो, एमबीए असतो, कधी कधी इंग्रजी माध्यमातलाही असतो. मग हा जास्तीचा शब्द नेमका कुठून टपकतो?

सगळा खेळ ‘करणे’चा

उत्तर आपल्या मराठीत आहे. तीच वाक्यं मराठीत म्हणा. बजेटबद्दल चर्चा केली. डॉक्टरशी लग्न केलं. त्याच्याशी संपर्क साधेन. आता यातलं क्रियापद शोधा. ‘चर्चा’ क्रियापद नाही, ते नाम आहे. ‘लग्न’ नाम, ‘संपर्क’ नाम. क्रियापदाचं काम ‘करणे’ आणि ‘साधणे’ करतात. मराठीत अशा जोड्या ढीगभर आहेत: विनंती करणे, उल्लेख करणे, प्रवेश करणे, भर देणे, उत्तर देणे. आणि नाम आलं की त्याच्याबरोबर ‘बद्दल’, ‘शी’, ‘वर’, ‘मध्ये’ असं काहीतरी येतंच. मुद्द्यावर भर दिला. हॉलमध्ये प्रवेश केला. प्रश्नाला उत्तर दिलं.

गंमत अशी की इंग्रजीतसुद्धा नामाबरोबर हे छोटे शब्द येतात. ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’ बरोबर आहे. ‘एम्फसिस ऑन’ बरोबर, ‘आन्सर टु द क्वेश्चन’ बरोबर, ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ही बरोबर. पण त्याच शब्दाचं क्रियापद झालं की शेपूट गळून पडतं. डिस्कस द बजेट. एम्फसाइझ द पॉइंट. आन्सर द क्वेश्चन. रिक्वेस्ट लीव्ह. एंटर द हॉल.

म्हणजे ‘डिस्कस अबाउट’ म्हणणारा माणूस डोक्यात ‘चर्चा’ हे नाम धरून बोलत असतो आणि तोंडातून क्रियापद बाहेर येतं. त्यामुळे एक साधी तपासणी लक्षात ठेवा: मराठीत ‘नाम अधिक करणे’ असेल, तर इंग्रजीत क्रियापदानंतर थेट वस्तू येते का ते आधी बघा. या एका सवयीने ऑफिसच्या मेलमधल्या बऱ्याच अडचणी सुटतात.

दोन खबरदाऱ्या. ‘डिस्कस द बजेट विथ हिम’ मधला ‘विथ’ योग्यच आहे, कारण तो माणसासाठी आहे, विषयासाठी नाही. आणि करार करायचा असेल तर ‘एंटर इन्टु ॲन ॲग्रीमेंट’ असंच म्हणतात. खोलीत शिरताना ‘इन्टु’ नको, करारात शिरताना हवा.

उलटी बाजू: जिथे शेपूट हवं, तिथे आपण कापतो

आता उलट बघा. ‘गाणी ऐकतो’, ‘बसची वाट बघतो’, ‘मला समजावून सांग’. यातून आपल्याकडे तयार होतं ‘आय लिसन साँग्ज’, ‘आय ॲम वेटिंग बस’, ‘एक्सप्लेन मी धिस कोड’. इथे इंग्रजीला शेपूट लागतं. लिसन टु, वेट फॉर, एक्सप्लेन धिस कोड टु मी. सॉफ्टवेअरवाल्यांनो, शेवटचं वाक्य आपल्या क्षेत्रात रोज दहादा कानावर पडतं, म्हणून वेगळं सांगतोय. ‘टेल मी’ चालतं, ‘शो मी’ चालतं, ‘एक्सप्लेन मी’ चालत नाही.

का नाही? खरं सांगायचं तर रोजच्या वापरासाठी याला ‘का’ नसतं. हे पटत नसेल तर स्वतःच्या भाषेत बघा. आपण कुत्र्याला घाबरतो, मित्रावर रागावतो आणि भावाशी भांडतो. आता नुकतीच मराठी शिकायला लागलेल्या एखाद्या तमिळ रूममेटला समजावून सांगा की रागवायला ‘वर’ का आणि भांडायला ‘शी’ का. तुम्ही म्हणाल, “अरे, तसंच म्हणतात.” बास. इंग्रजीतही तसंच म्हणतात. क्रियापद स्वतःची जोडी स्वतःच ठरवतं. म्हणून ‘डिपेंड’ हा शब्द पाठ करायचाच नाही, पाठ करायचा तो ‘डिपेंड ऑन’. ‘कोप’ नाही, ‘कोप विथ’. आणि हो, ‘कोप अप विथ’ नाही. तो ‘अप’ बहुतेक ‘कीप अप विथ’मधून उडी मारून आलेला आहे.

‘टु’ आणि ‘ॲट’: एक शब्द बदलला की भांडण

काही ठिकाणी मात्र ‘का’ला उत्तर आहे, आणि ते मजेशीर आहे.

‘ही थ्रू द बॉल टु मी’ म्हणजे त्याने बॉल माझ्याकडे टाकला, मी झेलावा म्हणून. ‘ही थ्रू द बॉल ॲट मी’ म्हणजे त्याने बॉल माझ्यावर फेकून मारला. ‘शाउट टु’ म्हणजे लांब असलेल्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडणं. ‘शाउट ॲट’ म्हणजे त्याच्यावर ओरडणं. ‘टु’मध्ये समोरचा माणूस घेणारा आहे. ‘ॲट’मध्ये तो निशाणा आहे.

हे एकदा लक्षात आलं की लाफ ॲट, पॉइंट ॲट, एम ॲट आणि लुक ॲट हे सगळे एका रांगेत बसतात. नजर, बोट, हसू, दगड, सगळ्यांना निशाणा लागतो. ‘माय मॅनेजर शाउटेड टु मी’ असं कुणी परदेशी टीमला सांगितलं, तर त्यांना वाटेल मॅनेजर रस्त्याच्या पलीकडून हाक मारत होता.

‘खाऊन टाक’ म्हणजे फेकायचं का?

आता येतो तो प्रकार ज्याला सगळे घाबरतात: फ्रेझल व्हर्ब. गिव्ह अप, फाइंड आउट, कॅरी ऑन, टर्न डाउन. क्रियापद ओळखीचं, छोटा शब्द ओळखीचा आणि दोघं मिळून तिसराच अर्थ. लोक म्हणतात, हे काय विचित्र प्रकरण आहे!

विचित्र? आपली आई रोज काय म्हणते? “उरलेली भाजी खाऊन टाक.” इथे काही फेकायचंय का? नाही. ‘टाक’ म्हणजे संपव, मागे काही ठेवू नकोस. “तो पैसे हरवून बसला.” तो कुठे बसला? कुठेच नाही. ‘बसला’ म्हणजे झालं ते वाईट झालं आणि आता इलाज नाही. “बाळ झोपून गेलं.” बाळ कुठेही गेलेलं नाही. याला आपल्या व्याकरणात संयुक्त क्रियापद म्हणतात. टाकणे, बसणे, जाणे, घेणे, देणे, काढणे ही आपली साधी क्रियापदं दुसऱ्या क्रियापदामागे लागली की मूळ अर्थ बाजूला ठेवून वेगळंच काम करतात.

इंग्रजीने हे काम क्रियापदाऐवजी छोट्या शब्दांना दिलंय, एवढाच फरक. ‘ईट इट’ म्हणजे खा. ‘ईट इट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘यूज’ म्हणजे वापर, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. आणि ‘फाइंड आउट’? शोधून काढणे! ‘काढणे’ आणि ‘आउट’, दोन्हींत आतलं बाहेर येतंय. फिगर आउट, पॉइंट आउट, टर्न आउट, सगळीकडे दडलेलं काहीतरी उजेडात येतं.

प्रत्येक छोट्या शब्दाचा असा एक स्वभाव असतो. ‘ऑन’ म्हणजे चालू ठेवणं: कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन. आपलं ‘करत राहा’मधलं ‘राहा’. ‘डाउन’ म्हणजे कमी होणं किंवा कागदावर उतरवणं: स्लो डाउन, काम डाउन, राइट डाउन. मराठीतही आपण ‘उतरवून घे’च म्हणतो. ‘बॅक’ म्हणजे परत: पे बॅक, कॉल बॅक आणि आपल्या धंद्यातलं रात्री अकराला होणारं ‘रोल बॅक’.

हा स्वभाव म्हणजे नियम नव्हे, अंदाज आहे. अंदाज चुकतो तेव्हा चांगलाच चुकतो. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला! तेच शब्द, एकदा बंद आणि एकदा चालू.

कुठे हसण्यावारी न्यायचं आणि कुठे नाही

‘डिस्कस अबाउट’ म्हटल्याने कुणाचं काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला पूर्ण समजतं. पण काही जोड्यांत चुकीला किंमत आहे.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं. माझ्या ओळखीच्या एका टीममध्ये क्लायंटने रिलीज ‘पुट ऑफ’ केल्याचं कळवलं आणि एका सहकाऱ्याने पुढे ‘कॉल्ड ऑफ’ असं लिहिलं. टेस्टिंगवाल्यांनी त्या आठवड्याचं काम थांबवलं. गैरसमज दोन दिवसांनी निस्तरला, पण ते दोन दिवस कुणी परत दिले नाहीत.

दुसरी जोडी त्याहून फसवी आहे. ‘लुक ओव्हर’ म्हणजे एकदा नजरेखालून घालणं. ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणं, दुर्लक्ष होणं. तुम्ही साहेबांना अभिमानाने लिहिलंत, ‘आय हॅव ओव्हरलुक्ड युअर डॉक्युमेंट’, तर अर्थ होतो: तुमच्या डॉक्युमेंटकडे माझं लक्षच गेलं नाही. देखरेख करणं म्हणायचं असेल तर शब्द वेगळा, ‘ओव्हरसी’.

आणि ‘लुक इन्टु’. सपोर्टवाला म्हणतो, ‘वी’ल लुक इन्टु इट’. त्याने प्रश्न सोडवायचं वचन दिलेलं नाही, फक्त काय झालंय ते तपासतो असं म्हटलंय. सोडवतो म्हणायचं असेल तर ‘सॉर्ट आउट’ किंवा सरळ ‘फिक्स’. पुढच्या वेळी तक्रार कराल तेव्हा हा फरक नीट ऐका.

‘इट’ची जागा आणि आवाजाचा जोर

थोडं तंत्र बघू. पंखा बंद कर: ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण ‘इट’ आलं की एकच जागा: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ नाही. याउलट बाळाकडे लक्ष दे: ‘लुक आफ्टर हर’. ‘लुक हर आफ्टर’ कधीच नाही.

हे ओळखायचं कसं? कानाने. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो, तो दणदणीत ऐकू येतो. ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर असतो आणि ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो, कानाला ‘लुकटिट’सारखं काहीतरी लागतं. सबटायटल बंद केल्यावर हे छोटे शब्द सापडत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण. तुमचा कान खराब नाही, तो शब्दच हळू बोललेला असतो.

हाच जोर मोबाइलच्या स्क्रीनवरही दिसतो. ‘लॉग इन’ दोन शब्दांत लिहिलं तर ते क्रियापद आहे, जोर ‘इन’वर. ‘लॉगिन’ एका शब्दात लिहिलं तर नाम, जोर ‘लॉग’वर. सेट अप आणि सेटप, बॅक अप आणि बॅकप, साइन अप आणि साइनप, सगळ्यांचं असंच. म्हणून ‘आय लॉगिन्ड’ किंवा ‘आय बॅकप्ड द डेटा’ होत नाही. भूतकाळ क्रियापदाला लागतो, शेपटाला नाही: ‘आय लॉग्ड इन’, ‘आय बॅक्ड अप द डेटा’.

अजून एक. प्रश्न विचारताना शेवटचा शब्द खाऊ नका. ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ मधला ‘फॉर’ हवाच. वाक्याचा शेवट प्रेपोझिशनने करू नये, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. या आक्षेपाचा उगम सहसा कवी जॉन ड्रायडनच्या १६७२च्या टीकेपर्यंत नेतात. बोलणाऱ्या लोकांनी तो कधीच मनावर घेतला नाही. तुम्हीही घेऊ नका.

हे कोडं जुनं आहे

परक्यांना हे अवघड जातं, हे इंग्रजांना केव्हाच कळलं होतं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या प्रसिद्ध शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नोंदवलंय की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याची पद्धत परदेशी लोकांना सगळ्यात जास्त त्रास देते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच उशिरा, लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकातून रूढ झालं.

आणि शिकणाऱ्यांसाठी खरी सोय झाली ती जपानमध्ये. ए. एस. हॉर्नबी तिथे इंग्रजी शिकवायचे. फक्त शब्दाचा अर्थ देऊन भागत नाही, क्रियापद वाक्यात कसं बसतं ते दाखवावं लागतं, या विचाराने त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक कोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. तोच आजचा ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी. ही गोष्ट सांगण्याचं कारण, तो कोश आज तुमच्या फोनवर फुकट उघडतो आणि आपण मात्र गूगल ट्रान्सलेटवर शब्दाचा नुसता अर्थ बघून बाहेर पडतो.

‘बरोबर’ कुणाचं?

इंग्रज आणि अमेरिकन यांचंही आपसात जमत नाही. फॉर्म भरायला इंग्रज ‘फिल इन’ म्हणतो, अमेरिकन ‘फिल आउट’. इंग्रज ‘राइट टु मी’ म्हणतो, अमेरिकन सरळ ‘राइट मी’. निकालाविरुद्ध दाद मागायला एकाला ‘अपील अगेन्स्ट’ लागतं, दुसऱ्याला नुसतं ‘अपील द डिसिजन’ पुरतं.

आपलंही स्वतःचं इंग्रजी आहे. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ म्हटलं की भारतात सगळ्यांना कळतं, डिग्री झाली. बाहेर बहुतेक ठिकाणी अर्थ होतो, मी बेशुद्ध पडलो. पण हा वापर हवेतून आलेला नाही. लष्करी प्रशिक्षण संपवणाऱ्यांसाठी ब्रिटिशांकडे ‘पास आउट’ आहेच, आणि आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत आजही ‘पासिंग आउट परेड’ होते. म्हणून आपसात बिनधास्त वापरा. बायोडेटा परदेशी जाणार असेल तर ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. मुद्दा शुद्ध-अशुद्धचा कमी आणि समोर कोण ऐकतंय याचा जास्त आहे.

मग करायचं काय?

एक, क्रियापद शेपटासकट वहीत किंवा फोनमध्ये लिहा, आणि पूर्ण वाक्यात लिहा. ‘अप्लाय’ नाही, ‘आय अप्लाइड फॉर लीव्ह’.

दोन, शंका आली की लर्नर्स डिक्शनरी उघडा आणि अर्थाखालची उदाहरणं वाचा. नोंदीच्या शेवटी फ्रेझल व्हर्बची वेगळी यादी असते, तिथपर्यंत जा.

तीन, यूग्लिश नावाची साइट आहे. ‘लुक इन्टु’ टाका, लोक ते प्रत्यक्ष बोलतानाचे यूट्यूब व्हिडिओ एकामागून एक लागतात. दहा ऐका. जोर कुठे पडतो ते आपोआप कळतं.

चार, एका आठवड्यात एकच छोटा शब्द घ्या. या आठवड्यात ‘आउट’. दिसेल तिथे टिपा आणि मराठीत ‘काढणे’ बसतं का ते बघा. जिथे बसत नाही, ते उदाहरण जास्त लक्षात राहील.

आणि पाचवं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या क्षेत्रात मी अशी मुलं-मुली बघतो, ज्यांना बग कुठे आहे ते सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं, पण कॉलवर माइक बंद असतो. ‘ऑन’ म्हणू की ‘इन’ म्हणू, या विचारात वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, आणि तेच उत्तर दुसरा कुणीतरी वीस मिनिटांनी देतो. अप्रेझलमध्ये नाव त्याचं येतं. एका ‘अबाउट’पायी एवढी किंमत मोजू नका. जास्तीचा ‘अबाउट’ लोक विसरतात. न बोललेलं वाक्य मात्र कुणाला ऐकूच आलेलं नसतं.

जाता जाता घरचा अभ्यास. ही पाच वाक्यं इंग्रजीत मोठ्याने म्हणा: मी त्याच्याशी बोलून घेतो. मीटिंग पुढे ढकलूया. कारण शोधून काढ. तो माझ्यावर ओरडला. लॅपटॉप बंद करून टाक. शेवटच्या वाक्यात ‘लॅपटॉप’च्या जागी ‘इट’ घालूनही म्हणा, आणि आपला आवाज कुठे चढतो ते ऐका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत कॅरी ऑन, म्हणजे बोलत राहा!